जावईबापूंचा रस्ता

आमच्या घरमालक काकांइतके जावई अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात कुणाला नसतील. चिखलीच्या रस्त्यावर जो कुणी त्यांच्या मोटारसायकलीला आडवा येतो, तो त्या क्षणापासून त्यांचा जावई होतो. सोयाबीनची पोती लादलेला ट्रॅक्टर हात न दाखवता वळला, की काका करकचून ब्रेक दाबतात आणि हात जोडून म्हणतात, "या जावईबापू, तुमचाच रस्ता हाये." भर चौकात जीप थांबवून सवाऱ्या भरणाऱ्याला ते प्रेमानं सांगतात, "घ्या, सारं वऱ्हाड घ्या." एकदा उलट्या बाजूनं आलेल्या एका पोरानं त्यांच्या पायातली चप्पल उडवली. मी उतरून ती आणेपर्यंत काका त्या पोराच्या पाठीकडे कौतुकानं पाहत होते. "धाकले जावई. लाडाचे हायेत."

मी सोनाळ्याहून इथं शिकायला आलो. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. कॉलेजात कुणाशी कसं बोलावं हे विचारायला घरी कुणी नाही, आणि इथंही अजून कुणी ओळखीचं झालेलं नाही. माझं दिवसाचं खरं बोलणं होतं ते काकांच्या मागच्या सीटवर. बाजाराकडे जाताना ते मला कॉलेजपाशी सोडतात. त्यांनाही मागं कुणीतरी बसलेलं हवं असावं, असं मला वाटतं. काकू गेल्यापासून घरात ते एकटेच आहेत.

"काका, तुमाले राग नाही येत?" मी एकदा भीतभीत विचारलं.

"येते ना बे. पण जावयावर राग काढता येते का?" थोडं पुढं गेल्यावर मान न वळवता ते म्हणाले, "एकडाव काढला. पोरीनं आपल्या मनानं लगन केलं, त्याले घेऊन दारात आली. मी नाही नाही ते बोललो. तवापासून दोघंही नाही आले."

यंदा धोंड्याचा महिना आला. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचा महिना. कुणालाही बोलावलं नव्हतं, तरी काकांनी सकाळीच पुरण शिजवून वाकडेतिकडे धोंडे केले. मग आम्ही तूप आणायला निघालो. वाटेत उभ्या कारचं दार अचानक उघडलं आणि आम्ही दोघं आडवे झालो. काकांचा गुडघा फुटला. माझ्या तोंडाशी शिवी आली होती, पण काका धूळ झटकत त्या कारवाल्याला म्हणत होते, "काही नाही झालं, जावईबापू. घरी चला, धोंडे केले हायेत."

तो आधीच घाबरलेला होता, आता चिडला. "मी कुठला तुमचा जावई? आपल्या जावयाले बोलवा ना!"

 घरी येताना एक एसटी अंगाला घासून गेली, तिला काका जावईबापू म्हणाले नाहीत. ताटं वाढली आणि तशीच राहिली. मग त्यांनी माझ्यापुढं फोन धरला.

"जावयाचा नंबर लाव बे." रिंग जाऊ लागली तसे ते उठून उभे राहिले. "उचलला त काय म्हणू?"

"रस्त्यावर म्हणता तेच."

पलीकडून आवाज आला. "जावईबापू," काका म्हणाले. पलीकडे नुसते हॉर्न वाजत होते. मग त्यातूनच कुणीतरी ओरडून बोललं, "मामाजी? थांबा, गाडीवर हाये. बाजूले घेतो."

मी ताटांवर झाकण घातलं. काका फोन कानाशी घट्ट धरून उभे होते, कुठल्या तरी दूरच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकत.

"सावकाश घ्या," ते हलकेच म्हणाले. "मागचे पाहून घ्या. मी हाये इथंच."