डॉक्टरांची कॅपिटल अक्षरं

"आवं डॉक्टर, फ्लॉपी द्या, सांगलीला माझ्या दुकानात नेऊन बघतो!" मी ओरडून म्हणालो.

डॉक्टरांनी समोरच्या मशिनवर टाइप केलं. चिंचोळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं : मुका झालोय. बहिरा नाही.

साताऱ्याच्या या डॉक्टरांचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला होता. जुना वर्ड प्रोसेसर, म्हणजे फक्त लिहिण्यापुरतं यंत्र, हाच आता त्यांचा आवाज. मुलगी नीलू इंग्लंडला. रविवारी ती फोन करायची आणि हे रिसीव्हरवर बोटानं टकटक करायचे. तिला लिहिलेली पत्रं मशिनमध्येच पडून होती. प्रिंटरची रिबन बाजारातून गेलेली, हातानं लिहावं तर हात थरथरणारा, आणि पत्रं दुसऱ्याकडून उतरवून घ्यायला ते तयार नव्हते. नीलूकडे ईमेल होता.

पत्रं मशिनमधून काढून ईमेलनं पाठवता येतील का, असं डॉक्टरांच्या पुतण्यानं, सुधीरनं विचारलं तेव्हाच मी "उद्या येतो" म्हणालो होतो.

"थांबा मुलाणी, पुण्याचा इंजिनिअर येणाराय," तो म्हणाला.

महिनाभर तो इंजिनिअर आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. मी रेडिओ दुरुस्त करत शिकलेला. माझ्यावर कसला भरवसा? शेवटी मलाच बोलावलं.

फ्लॉपी कॉम्प्युटरला वाचता येईना. मग प्रिंटरची केबल काढून माझ्या सेकंडहँड लॅपटॉपला जोडली. मशिनला वाटावं आपण छापतोय, आणि अक्षरं लॅपटॉपनं झेलावीत. झेलली. पण प्रत्येक अक्षर दोनदा!

कारण सापडलं. डॉक्टरांनी सगळं ठळक केलं होतं. ठळक छापायचं तर तो प्रिंटर एकाच अक्षरावर दोनदा ठोके मारायचा.

"ठळक कशाला? साधं ठेवा."

ओरडतोय, त्यांनी टाइप केलं. ऑपरेशनपासून गप्प आहे.

मी हट्टी, ते माझ्याहून हट्टी. बाजारात मी इतकी घासाघीस कधी केली नसेल. अखेर म्हणालो, "ईमेलमध्ये कॅपिटल अक्षरं म्हणजे ओरडणंच असतं. ठळक सोडा, सगळं कॅपिटल करा."

त्यांनी हात पुढे केला. सौदा पटला.

इंटरनेटसाठी पुण्याला फोन लावून मोडेमवरून पत्रं पाठवली. लाइन तुटली, पुन्हा लावली. संध्याकाळी नीलूचा फोन आला. ती रडत होती की हसत, कळेना. रिसीव्हर कानाला धरून डॉक्टर टकटक करत राहिले.

"एवढी वायरच जोडायची होती होय?" सुधीर म्हणाला. मी दात आवळले.

पुढं दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन जायचो. नीलूची उत्तरंही कॅपिटलमध्ये यायची. बापलेक एकमेकांवर ओरडत होते.

एका रविवारी पत्र लहान अक्षरांत होतं. मला वाटलं, बटण बिघडलं.

"डॉक्टर, आज कॅपिटल नाही?"

सावकाश एकेक बोट टेकवत त्यांनी लिहिलं : आता ऐकू जातं तिला.

पुढच्या रविवारी लॅपटॉप खांद्याला लावून गेलो, तर दारात चपलाच चपला. मी बाहेरूनच मागं फिरलो.

चारच रविवार मिळाले त्यांना. पुण्याच्या वाटेकडं डोळे लावले नसते, तर आठ मिळाले असते. सुधीरला मी ते कधी बोललो नाही, आणि माफही केलं नाही.

आता एखादं गिऱ्हाईक "पुण्याचा माणूस येणाराय" म्हणालं, की मी आधी विचारतो, "घरात आजारी कोण हाय?"