साहेबांचे पणजोबा

बहारीनमध्ये सलमाबादला एसी दुरुस्तीच्या कंपनीत मी ऑफिसात होतो, तेव्हा आमचे मॅनेजर अमेरिकन होते. त्यांचे पणजोबा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत न्यायाधीश होते आणि साहेब त्यांचं चरित्र लिहीत होते. म्हणजे साहेब बोलायचे, मी टाइप करायचो. गुरुवारी अर्धा दिवस, शुक्रवारी सुट्टी. यल्ला, चला, म्हणत बाकीचे घरी गेले की पणजोबा कामावर यायचे.

पणजोबा गरिबीत शिकले, वकील झाले, मग न्यायाधीश होऊन घोड्यावरून गावोगाव कोर्ट भरवू लागले. इमारत नसली तर दारूच्या गुत्त्यात खटला चालवत. घोड्यावर चार पानं झाली. पणजीबाई दोन ओळींत आल्या आणि वारल्या. दर गुरुवारी पणजोबांची उंची वाढत होती. आधी ते गव्हर्नरच्या निवडणुकीत पडले होते. महिन्याभराने त्यांनी ती तत्त्वासाठी सोडली.

त्या एप्रिलमध्ये हमद टाउनला एका घरी आम्हा बौद्ध मंडळींची जयंती होती. ज्यांची जयंती ते कायद्याचे मोठे पंडित, हे कळल्यावर साहेब म्हणाले, "मी येतो. पणजोबांवर दोन शब्द बोलतो." नाही म्हणायची सोय नव्हती. माझा व्हिसा त्यांच्याच सहीने रिन्यू व्हायचा.

साहेबांचे दोन शब्द पाऊण तास चालले. मी मराठीत सांगत होतो. ओघात एक खटला निघाला, जो त्यांनी मला कधीच सांगितला नव्हता. मालकाच्या मळ्यातून पळालेला एक गुलाम पणजोबांसमोर उभा केला होता. "न्यायाधीशाने हृदय घरी ठेवून यावं लागतं," असं म्हणून साहेब पाणी प्यायले.

बायको पुढेच सतरंजीवर बसली होती. ती भंडाऱ्याची, भीड हा प्रकार तिच्या माहेरी नाही.

"अहो, त्यायले विचारा, त्या माणसाचं काय झालं मंग?"

मी विचारलं.

"परत मालकाकडे पाठवलं," साहेब म्हणाले. "कायदाच तसा होता. पण पणजोबांना फार वाईट वाटलं. त्या रात्री ते जेवले नाहीत."

मी सांगितलं.

"एकच रात्र?" बायको म्हणाली. "अन् सकाळी नाश्ता केला का नाई त्यायनं?"

आधी बायका हसल्या, मग सगळेच. "काय म्हणते ती?" साहेबांनी मला विचारलं. थोडं सौम्य करून सांगता आलं असतं. मी जसंच्या तसं सांगितलं. साहेब लालबुंद झाले आणि खीर न खाता निघून गेले.

शनिवारी केबिनमध्ये बोलावणं आलं. खलास, मी मनात म्हटलं.

"तो प्रश्न तुझ्या बायकोचा होता की तुझाही?"

"सर, दोघांचा. ती आधी बोलली, एवढंच."

त्यांनी खुर्ची खिडकीबाहेरच्या गोदामाकडे वळवली आणि म्हणाले, "नाश्त्याचं मला ठाऊक नाही. आमच्या घरात कुणी कधी विचारलंच नाही."

नोकरी राहिली. दोन गुरुवार चरित्र बंद होतं, मी जेवायला घरी होतो. तिसऱ्या गुरुवारी साहेबांनी तो खटला सांगायला घेतला. निकालापाशी आले आणि थांबले. पणजोबांच्या बाजूने एखादं वाक्य शोधत त्यांनी दोन कॉफ्या संपवल्या. सापडलं नाही. ते प्रकरण दीड पानाचं झालं, सगळ्या चरित्रात सगळ्यात लहान. पुढे त्यांची बदली झाली. पुस्तक छापलं की नाही, मला कळलं नाही.