मथळ्यातला एक शब्द

बुद्धप्रिया सरवदेच्या नजरेखालून गेलेली बातमी डोळे झाकून छापावी, असं सोलापुरातल्या त्या लहानशा दैनिकाच्या कचेरीत सगळेच म्हणायचे. ऱ्हस्व-दीर्घ तर ती बघायचीच, पण तिचा खरा दरारा होता तो शब्दांबद्दल. पोलीस ठाण्यातून आलेल्या मजकुरात ‘विशिष्ट समाजाचा तरुण’ असं दिसलं की ती वार्ताहराला खुर्चीजवळ बोलवायची. “विशिष्ट म्हणजे कुठला रे? चोरी माणसानं केली की समाजानं?” वार्ताहर मान खाली घालायचा, शब्द जायचा. दोन वर्षांत तो शब्द तिनं पेपरातून पार हद्दपार केला होता. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

त्यामुळे पुढं जे झालं ते तिच्याच हातून व्हावं, हे तिच्या मनाला फार लागलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला सुताच्या गोदामाला आग लागली. तीन कामगार आत अडकले. धुरानं पुढचं काही दिसेना, फायर ब्रिगेड वाटेतच होती. अशात लूम दुरुस्त करणारा जॉबर जिलानी नदाफ यानं पाण्यात बुडवलेली चादर डोक्यावरून घेतली, तापलेलं शटर हातांनीच वर ढकललं आणि एकेकाला ओढून बाहेर काढलं. तिघं जगले. जिलानीचे दोन्ही तळहात भाजले.

ते दिवस शहरात जरा तणावाचे होते. एका मिरवणुकीवरून दोन समाजांत बाचाबाची झाली होती, आणि मोबाइलवर नको नको ते फिरत होतं. बुद्धप्रियाला वाटलं, लोकांनी हेही वाचावं. तिनं मथळा स्वतः लिहिला : ‘अल्पसंख्याक कामगाराने तिघांना आगीतून काढले’. संपादक अजिंक्यनं तो वाचून अंगठा दाखवला. “झकास! चांगला संदेश जातो.” दुसऱ्या दिवशी तिच्याच ओळखीच्या कितीतरी जणांनी तो स्टेटसला ठेवला. तिला बरं वाटलं.

आठवड्याभरानं दुपारी एक माणूस कचेरीत आला. मनगटाला भाजल्याची पट्टी, पायात रबरी चप्पल. “मी नागप्पा. त्या आगीतनं निघालो तेच्यातला एक. ती बातमी तुमी लिवली व्हय?”

“हो, बसा ना. बरे आहात?”

“बरा हाय.” तो बसला नाही. “बातमी लई चांगली लिवली मॅडम. पर एक इचारायचं हाय. आमच्या खात्यातल्या समद्यांनी ठरवलं हुतं, जिलानीभाईचा सत्कार शेडमधीच करायचा. शेठ पन हो म्हनला हुता. तेवढ्यात एका पक्षाच्या अल्पसंख्याक सेलचे लोक आले. तुमचा मथळा भल्या मोठ्या फ्लेक्सवर छापला, त्येला गाडीत घालून नेलं, हॉलमधी हार घातला. आता आमची पोरं म्हनत्यात, झाला की सत्कार, त्यांच्या लोकांनी केला. शेठ म्हनतो, परत कशाला?”

बुद्धप्रियानं हातातलं पेन खाली ठेवलं.

“पंधरा वर्सं एका डब्यात जेवलो आमी. कदी कुनाच्या डोक्यात आलं न्हाय हे. आता जेवायच्या सुट्टीत भेटाया येतो, तवा बी त्यो जरा बाजूला बसतोय.” नागप्पानं टेबलावरच्या पेपराकडं बघितलं. “मी बी घरात कन्नड बोलतो की. हितं मराठीवाल्यांपुढं आमी बी थोडेच हाव. मला कुटं तसं लिवलंय तुमी?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारायला आला होता. “मी चांगल्यासाठीच,” एवढं तिच्या तोंडून निघालं आणि ती थांबली. नागप्पा म्हणाला, “ते ठावं हाय मला,” आणि निघून गेला.

तिनं तो अंक काढून पुन्हा वाचला. वाचवलेल्या तिघांची नावं दुसऱ्याच ओळीत होती, नुसती नावं, पुढं-मागं काही नाही. जिलानीचं नाव चौथ्या परिच्छेदात आलं होतं. ज्यानं शटर उचललं त्याच्या आधी त्याच्यावर लावलेली चिठ्ठी वाचकापर्यंत पोचली होती. आणि ती तिनं चिकटवली होती, मन लावून, मोठ्या अक्षरांत.

तिला आपलं लहानपणचं होटगी आठवलं. तिचे वडील कुंडलिक रेल्वेत गँगमन होते. ती दहावीला केंद्रात पहिली आली तेव्हा कुठल्याशा पेपरात आलं होतं, ‘मागासवर्गीय मुलीचे यश’. वडिलांनी पेढे आणले, शेजारीपाजारी वाटले, पण ते कात्रण कुणाला दाखवलं नाही. आईनं विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पोरीचं नाव न्हाय का त्यांना?” त्या दिवशी घरात कशानं शांतता पसरली होती ते ती विसरली नव्हती. विसरली नव्हती, तरी तिनं हेच केलं. तेव्हा तो मथळा लिहिणाऱ्यालाही बरंच वाटलं असेल, हे मनात आलं आणि तिच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

ती अजिंक्यकडं गेली. तो हसला. “दुरुस्ती कसली छापायची? चूक काय आहे त्यात? कौतुकच केलंय की.” तिनं समजवायचा प्रयत्न केला, पण त्याला ते पटलं नाही. परवापर्यंत तिलाही पटलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे ती फार भांडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पत्ता शोधत जिलानीच्या घरी गेली. दोन खोल्या, दारात शिवणयंत्र. जिलानी पन्नाशीचा, किडकिडीत, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. तिला बघून तो उठला आणि हात जोडता येईनात म्हणून नुसता वाकला. “मॅडम, आपन कशाला तकलीफ घेतली? लई मेहरबानी झाली तुमची. पेपरात नाव आलं.”

हे ऐकायची तिची तयारी नव्हती. त्याची बायको हलिमा हिनं चहा आणला. बातमी भिंतीवर चिकटवलेली होती. हलिमा त्या कात्रणाकडं बोट दाखवून म्हणाली, “मेरेकू मराठी वाचता येत नाही. तो पहिला लफ्ज काय आहे? ह्यांना विचारलं तर सांगत नाहीत.”

बुद्धप्रियानं तोंड उघडलं. ‘संख्येनं कमी असलेले’ हा अर्थ तिच्या जिभेवर आलाही. तेवढ्यात कोपऱ्यात गृहपाठ करणारी त्यांची मुलगी तमन्ना वहीतून मान वर न करता म्हणाली, “अम्मी, म्हणजे आपण.”

जिलानी बँडेजकडं बघत राहिला. हलिमा म्हणाली, “आपण म्हणजे?” पोरीनं वहीचं पान उलटलं. शिवणयंत्राच्या तेलाचा वास होता, बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं, आणि बुद्धप्रियाला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “तिथं तुमचं नाव असायला हवं होतं. मी ते लिहिलं नाही. जिलानीभाई, मला माफ करा.”

“अरे, माफी कशाची?” तो गोंधळला. मग अगदी हळू म्हणाला, “एक सांगू का मॅडम? शटर उचललं तेव्हा आत नागप्पा होता, एवढंच डोक्यात होतं. बाकी कायबी नव्हतं.” आणि लगेच, तिला वाईट वाटू नये म्हणून, “चहा घ्या की, गार होतोय.”

चहा तिनं संपवला. गोड होता फार.

तिथून ती तडक एमआयडीसीत गेली. पाळी सुटायच्या वेळी कारखान्यासमोरच्या टपरीवर थांबली आणि नागप्पाला म्हणाली, तुमच्या माणसांना दोन मिनिटं बोलवता का? माणसं जमली, थोडी लाजत, थोडी संशयानं. ती सगळ्यांसमोर बोलली. त्या शब्दानं तुमचा माणूस तुमच्यातून उचलून बाजूला ठेवला, तो शब्द माझा होता, त्याचा नाही, असं म्हणाली. बोलताना तिचा आवाज दोनदा अडखळला. सराईतपणे वाक्यं दुरुस्त करणाऱ्या तिला स्वतःचं वाक्य नीट पुरं करता आलं नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दीपक नावाचा पोरगेला कामगार म्हणाला, “आमी पन उगंच मागं सरलो, मॅडम.” एक म्हातारा मात्र “आता त्यांचं झालंय की मोठ्या हॉलात,” असं पुटपुटत सायकल काढून गेला. त्याच्यामागं आणखी काही गेले.

पुढच्या सोमवारी टपरीसमोर जिलानीचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि भजी. नागप्पानं शाल खांद्यावर टाकली आणि त्याच्या पट्ट्यांना धक्का लागू नये म्हणून कोपराला धरून त्याला मिठी मारली. जिलानी हसला, खूप दिवसांनी मोकळा हसला, असं दीपक म्हणाला. पण खात्यातली निम्मी माणसं आलीच नव्हती. शेठही नव्हता.

बुद्धप्रिया गर्दीच्या मागं उभी होती. नागप्पानं तिला बोलवलं, “या की पुढं, दोन शब्द बोला.” तिनं हातानंच नको म्हटलं. न आलेल्या माणसांच्या रिकाम्या जागेकडं ती बघत राहिली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं. त्यांच्यापर्यंत तिचा मथळा पोचला होता. तिची माफी पोचली नव्हती, आणि पोचवायची कशी हेही तिला कळत नव्हतं.