आठवीचा बांध

वर्गात आल्या की बाई आधी खिडकी उघडत आणि बाहेर बोट दाखवून विचारत, "इथे पडलेलं पाणी जातं कुठे?"

"गटारात!" पोरं एका सुरात ओरडत.

"आणि मध्ये कुणाची विहीर लागते?"

यावर पोरं खिडकीकडे धावत. मीही माझ्या खिडकीतून वाकून बघायचो. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो आणि भिंत पातळ होती.

नव्वदीच्या आसपासची डोंबिवली तुम्ही पाहिली असेल, तर रिकाम्या जागेवर कशा उड्या पडायच्या ते सांगायला नको. शिळफाट्याच्या टेकड्यांकडून मानपाड्याच्या बाजूला येणारा एक ओढा हिवाळ्यातच आटायचा. एका बिल्डरने गावाला पटवत आणलं होतं, की हा मेलेला नाला आहे, बुजवू या. ओढा बुजला की खालच्या आगरी वस्तीची विहीर गेली, हे भूगोलाच्या आमच्या बाईंना दिसत होतं. त्यांना ओढ्यात उन्हाळ्यापर्यंत पाणी ठेवून दाखवायचं होतं.

म्हणून दिवाळीनंतर त्यांनी आठवीची सहल ओढ्यावर नेली. बांधकामांवरून सिमेंटची रिकामी पोती मागून आणली आणि माती भरून बांध घातला. पोरांनी पोती प्रार्थनेच्या रांगेसारखी लावली, एकावर एक, अगदी सरळ. तासाभरात पाण्याने रांग मोडली. बाई पदर खोचून गुडघाभर पाण्यात हसत होत्या. "शिस्त पुरे! विटांसारखी लावा, सांधा चुकवून."

"सहलीला पाठवलं होतं, मजुरीला नाही," एक पालक मुख्याध्यापकांसमोर कडाडले. बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्हीही या. फावडं आहे."

जानेवारीत बांध फोडला गेला. कुणी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. एक मुलगी रडवेली झाली. "बाई, वाट लावली सगळी!"

"पोती नेली का? नाही ना? मग उचला."

पुन्हा फुटला, पुन्हा घातला. इतकं हट्टी माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

एप्रिलमध्ये बांधामागे म्हशी बसू लागल्या. गावच्या बैठकीत बिल्डरचा माणूस पुन्हा "मेलेला नाला" म्हणाला, तशी एक म्हातारी उठली. "मेलेल्या नाल्यान म्हशी डुंबतान का रं? नाय बुजवू देनार आमी!"

भराव थांबला. पण पुढच्या दिवाळीनंतर, ऐन बांध घालायच्या दिवसांत, बाईंची संस्थेच्या ठाण्यातल्या, माजिवड्याच्या शाळेत बदली झाली. बिल्डरचे स्नेही संस्थेत होते. बांध झाला नाही तर उन्हाळ्यात नाला पुन्हा मेलेला ठरणार होता.

निरोप समारंभात शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, दोन शब्द."

बाई उठल्या आणि थेट यंदाच्या आठवीकडे पाहून म्हणाल्या, "बदली माझी झाली आहे, ओढ्याची नाही. रविवारी सात वाजता."

बाई वारल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तो रविवार मात्र मला जसाच्या तसा आठवतो. मी लवकर निघून साडेसहालाच पोचलो, तर आठवी आधीच पाण्यात उतरलेली. आणि ठाण्याहून पहिली बस पकडून आलेल्या बाई काठावरून ओरडत होत्या, "गणिताचे सर आले रे! त्यांना जड पोती द्या!"