भैरवी नको म्हणणारे कर्णिककाका

शनिवार, ८ जून. सिंगापूर, हौगांग, कर्णिककाकांचा फ्लॅट. दर महिन्याची रेकॉर्ड ऐकण्याची बैठक. हजर: काका, सुमनकाकू, शेजारचे मिस्टर टॅन आणि मी. सोमवारी काकांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

काका जहाजावर चीफ इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर ते एका रशियन संगीतकाराच्या मागे लागले, तेही त्याच्या गाजलेल्या कामांच्या नव्हे, तर अर्ध्यावर सोडलेल्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या ऑपेरांच्या. एकाचा जेमतेम पहिला अंक, दुसऱ्याचे सुटे प्रवेश. पुढे इतरांनी त्यांत भर घातली होती. पण मूळ माणसाचा हात जिथे थांबला, तिथे काका रेकॉर्डवरची सुई उचलत. प्रवेश कितीही रंगात असो. पुढचं ऐकू या, असं मी एकदा म्हणाले.

"जहाज धक्क्याला लागलं की कॅप्टनच्या ब्रिजवरून 'फिनिश्ड विथ इंजिन्स', म्हणजे इंजिनांचं काम संपलं, अशी ऑर्डर येते," काका म्हणाले. "ती येईपर्यंत इंजिनरूम सोडायची नाही. या गृहस्थाला ती आलीच नाही. आपण कोण देणारे?"

काकूंचा नियम उलटा. त्या पुण्यात गाणं शिकलेल्या. भैरवीशिवाय बैठक उठवणं त्यांना अशुभ वाटे. म्हणून काकांनी सुई उचलली की त्या तानपुरा घेत, भैरवी गात आणि मगच पोहे येत. "भैरवी स्टार्ट, फूड कमिंग लह," असं टॅन त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायचे. आमच्या संगीतातलं त्यांना तेवढंच कळे.

त्या शनिवारी काकूंनी तारा जुळवल्या. काका म्हणाले, "आज नको, सुमन."

"परवा ऑपरेशन, आणि बैठक उघडी ठेवायची?"

"उघडीच ठेव. काम बाकी असलं की माणूस परत येतो."

"आणि नाही आला तर?"

टॅन माझ्याकडे बघू लागले.

"तुझी भैरवी म्हणजे 'फिनिश्ड विथ इंजिन्स'," काका हळू म्हणाले. "मी इथे बसलेला असताना ती ऑर्डर देऊ नकोस."

काकूंनी तानपुऱ्यावर गवसणी चढवली. नाडी त्यांना बांधता येईना, मी बांधली.

काकांना हॉस्पिटलातून घरी आणायची तयारी माझ्याकडे होती: टॅक्सी, व्हीलचेअर, औषधांचा डबा, बाथरूममध्ये धरायला दांडा. सगळं वेळेत झालं. काका मात्र ऑपरेशननंतर शुद्धीवर आले नाहीत.

काका गेल्यावर काकूंनी आम्हाला पुन्हा बोलावलं. रेकॉर्ड लावली आणि नेमक्या जागी स्वतः सुई उचलली. मी तानपुरा आणून गवसणीच्या गाठीला हात घातला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "अजून नाही."

त्या आत जाऊन पोहे घेऊन आल्या. टॅन ताटली मांडीवर घेऊन बसून राहिले. खा, असं मी खुणेनं सांगितलं. त्यांनी तानपुऱ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

बैठक अजून दर महिन्याला होते. तानपुरा पुसण्याचं काम मी घेतलंय. भैरवी बाकी आहे.