रेग्युलेटरवरचा नंबर

मंडळी, यजमान गेल्यावर त्यांच्या जुन्या गाडीचे सुटे भाग मी या ग्रुपवर विकायला टाकले होते. आज सकाळी नागपूरहून एका गृहस्थांचा फोन आला.

"ताई, व्होल्टेज रेग्युलेटरवरचा नंबर सांगा. दिसायला सगळे सारखेच असतात. सहा व्होल्टचा की बाराचा, ते नंबरावरूनच कळते."

मी सुट्या भागांचा डबा घेऊन गॅलरीत बसली. रेग्युलेटरच्या तळाच्या पत्र्यावरचे आकडे गंजले होते. रॉकेलच्या फडक्याने घासून एकेक त्यांना वाचून दाखवला.

"हा सहाचा आहे. माझ्या गाडीला नाही चालणार."

"थांबा भाऊ, अजून एक आहे."

तोही सहाचाच निघाला. मग मी हॉर्नवरचा नंबर वाचायला लागली. त्यांनी तो विचारलाही नव्हता.

ते म्हणाले, "घरी कोणी नाही का, ताई?"

"मुलगा बंगलोरला असतो. इथे हिंदी मुलखात, विजय नगरात मी एकटीच. दूधवाले भैया, शेजारच्या दीदी, सगळ्यांशी हिंदीच होते. मराठी बोलायला कोणी उरलं नाही."

"अच्छा. वाचा मग, मी ऐकून राहिलो."

मी डब्यातलं सगळं वाचलं. विकलं काहीच गेलं नाही.

काम संपलं तरी फोन ठेवावासा वाटत नाही, असं तुमचंही होते का?