तेलाने माखलेला शर्ट

माझ्या नातवंडांनो, ईरा, अर्णव, काल ईराचा फोटो आला. पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं म्हणून मित्रांनी तिला पाण्याने भिजवलंय. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या फ्लाइंग क्लबात पाण्याऐवजी इंजिनाचं जुनं तेल डोक्यावर ओतायचे. मी पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं त्या दिवशी, तेलाने माखलेल्या शर्टात तशीच मी कल्याणला घरी पोहोचले, तर मला बघायला आलेली मंडळी पोहे खात बसलेली.

"अगं, आधी साडी नेसून ये," आई पुटपुटली. मी तशीच समोर बसले.

मुलाची आत्या म्हणाली, "लग्नानंतर हे विमानबिमान बंद करावं लागेल हं."

"मग लग्न राहू दे," मी म्हणाले.

तेव्हा सगळ्यांना ते उद्धट वाटलं. आज मला वाटतं, मी जरा जास्तच नम्रपणे बोलले.

ते स्थळ गेलं. निवृत्तीपर्यंत मी विमानं उडवली. तो शर्ट कपाटात आहे, आणि त्याचा तेलाचा वास अजून गेलेला नाही.